पिशव्यांजवळची जागा

प्रिय उन्नती,

आशालताबाईंचं पत्र बघून दचकू नकोस, आता मी कुणाच्या वह्या तपासत नाही. तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. पत्ता तुझ्या वर्गातल्या जॉयलने दिला. तू चंदनसारला, मी इथे जवळच बोळिंजला, आणि वीस वर्षांत मी साधी चौकशी केली नाही. तुला काही सांगायचंय आणि त्याचं उत्तरही हवंय. पण आधी रविवारची हकिकत ऐक, त्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.

मणक्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं मी व्हीलचेअरवर आहे. दिवसभर हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. सून म्हणते, लाद्या झिजतील. रविवारी मुलगा, सून आणि नातू मला वसईच्या किल्ल्यात घेऊन गेले. सव्वीस वर्षं सातवीची सहल मी तिथेच नेली! डांबरी रस्त्यावर खुर्ची मजेत पळाली. पडक्या चर्चच्या दाराशी मात्र खडी, मग वीतभर उंबरठा, आत उखडलेली फरशी. आमच्या रिक्षावाल्या हरेशने आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगितलं होतं की व्हीलचेअर आत जाते. आता तोच म्हणतो, खुर्ची जाते ना बाई, घडी घालून, तुमचाच प्रॉब्लेम हाय. मुलगा मला उचलायला वाकला तेव्हा मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा दोन पावलं मागे सरला. मला तांदळाचं पोतं व्हायचं नव्हतं. मग सुनेने सगळ्या पिशव्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, आई, एवढ्या सांभाळा, आम्ही पंधरा मिनिटांत आलोच.

पंधरा मिनिटांचा तास झाला. आतून नातवाच्या हाका ऐकू येत होत्या. मी चपात्यांच्या डब्यावरच्या मुंग्या झटकत बसले, आणि तू आठवलीस. सातवीच्या सहलीत, त्याच दारात, लोखंडी कॅलिपर लावलेला पाय लांब करून, चाळीस जणांच्या पिशव्यांमध्ये. चर्चमधला फिरता जिना तुला झेपणार नाही म्हणून मीच तुला तिथे बसवलं होतं. शिवाय सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आमची उन्नती किती जबाबदार! तू हसलीस, आणि मला ते खरं वाटलं.

सोमवारी शेजारणीने विचारलं, कसा झाला किल्ला? मी सांगतच सुटले. फिरता जिना, वरून दिसणारा समुद्र, तिथला वारा, जणू कालच चढून आले. ती गेल्यावर लाज वाटली, आणि तेव्हापासून चैन नाही.

सहलीच्या निबंधात तूही तो जिना चढली होतीस. पायऱ्या, वारा, खालच्या होड्या, सगळं लिहिलं होतंस. मी लाल शाईने शेरा मारला, 'न पाहिलेले लिहू नये', दहापैकी तीन दिले, आणि शेरा वर्गात मोठ्याने वाचला. उन्नती, माझं चुकलं. माफ करायचं की नाही ते तू ठरव. वही केव्हाच रद्दीत गेली असेल, पण जमलं तर तो निबंध आठवेल तसा लिहून पाठव. आता मलाही वर जायला तेवढाच जिना उरलाय.

तुझीच,
आशालताबाई