आईच्या पॅनची वायर

लॉक्स्टन,
दक्षिण ऑस्ट्रेलिया,
४ मे १९९७

प्रिय कोरल,

तू बरी असशील. तुझा राग तर ठणठणीत असणारच. इकडे आम्ही ठीक. बागेतल्या जर्दाळूंची पानं झडली, थंडी पडायला लागली आणि बाबांचा गुडघा कुरकुरायला लागला. झाली ख्यालीखुशाली.

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस. हे पत्रही तू फाडशील, पण फाडायच्या आधी चार ओळी वाचशीलच, म्हणून मुद्द्याचं लिहून टाकते. आईच्या विजेच्या पॅनची वायर पाठवून दे.

उगाच 'कुठली वायर?' म्हणू नकोस. आईला पोचवून आलो त्या दिवशी तू पर्समध्ये कोंबून नेलीस ती. तिच्या टोकाला ती आच कमीजास्त करायची आकड्यांची चकती आहे. ते टोक पॅनच्या बाजूला खुपसल्याशिवाय पॅन म्हणजे चार पायांवर उभा राहिलेला नुसता डबा. गेले आठ महिने डबा इथे ओट्यावर बसलाय आणि त्याची वायर टास्मानियात! कोणाला सांगायचीसुद्धा सोय नाही.

दुकानात विचारून झालं. तो म्हणतो, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, नवा पॅन घ्या. घेतला. बाबांनी खोक्यातून काढला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्यात तुझ्या आईचं काही शिजलेलं नाही." पुन्हा खोक्यात. घाल वाद आता ह्या माणसाशी!

बाबांना स्वतःपुरतं करून खाता यायला हवं. मी कायम पुरणार आहे का? म्हणून शिकवायला घेतलं, आणि कपाळाला हात लावायची वेळ आलीय. पहिल्याच दिवशी त्यांनी विजेची किटली उचलली आणि थेट गॅसवर ठेवली. प्लास्टिकची किटली! बूड वितळून सगळ्या घरात असा काही वास भरला की शेजारच्या मिसेस पेडलर धावत आल्या. "किटली म्हटल्यावर शेगडीवरच ठेवणार ना माणूस?" हे वर.

सँडविच टोस्टर त्यांनी सिंकमध्ये भिजत घातला. "भांडं आहे ना?" म्हणे. आणि माझा लहान नॉनस्टिक तवा! अंडं चिकटलं म्हणून जर्दाळू कापायच्या सुरीनं खरवडलं. लेप सुटायला लागला तेव्हा माणूस थांबेल की नाही? मी आत आले तर हे ओट्याशी उभे राहून अख्खा तवा सोलताहेत. "साल निघायलाच लागली होती, म्हटलं पूर्ण काढून टाकावी." वर मला चकचकीत ॲल्युमिनियम दाखवून शाबासकी मागतात!

आईचा पॅन मात्र त्यांना येतो. वीस वर्षं तिच्या समोर बसून त्यांनी दुसरं केलं काय? चकती किती फिरवायची, तांबडा दिवा विझला की सॉसेज टाकायची, झाकण कधी तिरकं ठेवायचं, सगळं पाठ आहे. स्वयंपाकघरातलं तेवढं एकच यंत्र त्यांना कळतं आणि तेवढंच तू लंगडं करून गेलीस.

जूनमध्ये थोडे दिवस मी घरी नसेन. कशासाठी ते महत्त्वाचं नाही. तेवढ्या दिवसांत म्हातारा उपाशी राहू नये, एवढंच.

आणि हो, पॅनवरचे तुझे ओरखडे अजून आहेत. नॉनस्टिकला तारेची घासणी लावणारी बाई मी दुसरी बघितली नाही. आईनं त्या पॅनला कधी साधा चमचा टेकू दिला नव्हता. आईला पोचवून आलो त्या दिवशी, आपल्यासाठी जेवणाची ताटं घेऊन आलेल्या सगळ्या बायकांसमोर मी म्हणाले, "दोन वर्षांत एकदा आली नाहीस, आणि आता तिचा पॅन खरवडायला आलीस." ते मी परत घेणार नाही. तू मात्र वायर परत दे.

पाठवताना करकचून गुंडाळू नकोस, आतून तुटते. चकतीभोवती फडकं लपेट. आणि कृपा करून धुवू नकोस! पाण्यात बुडवलीस तर मी तुला ओळखत नाही.

नाइलाजानं तुझीच बहीण,
नोएलीन


डेव्हनपोर्ट, टास्मानिया,
१३ मे

नोएलीन,

वायर ह्याच पुडक्यात आहे. लपेटलंय ते फडकं आईचं आहे. तेही चोरलं म्हणून आणखी एक पत्र लिहिशील, त्यापेक्षा आधीच कबूल करते.

मला नॉनस्टिक शिकवू नकोस. बाबांना एवढं सांग, रिकामा पॅन तापवत ठेवायचा नाही. फवाऱ्याचं तेल मारायचं नाही, त्याचा चिकट थर बसतो, मग काही केल्या निघत नाही. आणि तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतलं की बूड वाकडं होतं. तू ओततेस, मी बघितलंय.

तारेच्या घासणीचं म्हणशील तर, पॅनच्या कडेला जळलेला रस्सा होता. आई हॉस्पिटलात गेली त्या दिवशीचा. ती गेली, तिला पोचवून आलो, तरी तो रस्सा तसाच. तुमच्यापैकी कोणी हात लावला नव्हता. मला तो बघवेना. हाताला लागलं त्यानं घासलं.

आणि दोन वर्षांचं. दर रविवारी आई फोनवर मला म्हणायची, "नोएलीन आहे इथे, तू कशाला एवढ्या लांब येतेस? येऊ नकोस." मी तिचं ऐकलं. ऐकायला नको होतं हे आता मला कळतं, पण ते मला हातात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर कळायला नको होतं.

जूनमध्ये कुठे निघालीस? बोटीवर मजा करायला? जा, खुशाल जा. तुझी वायर तुला मिळाली.

कोरल


लॉक्स्टन,
२१ मे

कोरल,

वायर मिळाली. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

सगळं नीट सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही. पुडकं आलं तेव्हा बाबा दारातच होते. त्यांनी फडकं सोडलं, नाकाला लावलं, खिशात घातलं. वायर जोडली. तांबडा दिवा लागला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ते स्वयंपाकघरात माझ्याशी न भांडता उभे राहिले. कांदा त्याच जर्दाळूच्या सुरीनं कापला, पण पॅनमध्ये हात घालायची वेळ आली तेव्हा खणातून लाकडी उलथणं काढलं. मी काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ. सॉसेजची करी केली. मसाला ढीगभर पडला होता. दोघं नाक पुसत जेवलो.

जेवण झाल्यावर म्हणाले, "मग? कोरल काय म्हणते?"

"काय म्हणणार? वायर पाठवली की."

"तू तिला जूनचं सांगितलंस?"

"मी वायर मागितली होती, बाबा."

"हो ना, मग तिनं वायरच पाठवली." प्लेट बाजूला सारली. "तुझी आई फोनवर 'येऊ नकोस, येऊ नकोस' करायची आणि फोन ठेवला की दिवसभर त्या खिडकीतून रस्ता बघत बसायची. कोरलला बोललेलंच कळतं. आणि तुम्हा दोघींना, तुला आणि तुझ्या आईला, बोलता येत नाही. मी कुठे कुठे पुरणार?"

हे कोण म्हणतंय? तर तवा सोलणारा माणूस! इतका संताप आला मला, की उठून भांडी घासायला घेतली. पण मला तुझाच जास्त राग येतोय, कोरल. कोणी 'वायर पाठव' म्हटलं की वायर पाठवायची असते का गं? मी दुकानात नव्या पॅनचे पैसे भरून आलेय, माझ्या घरात चालू वायरीचा नवाकोरा पॅन पडलाय, मला काय त्या जुन्या वायरीचं लोणचं घालायचं होतं?

ताकाला जाऊन भांडं लपवलं मी. घे, ठेवते आता ओट्यावर. मी बोटीवर मजा करायला चाललेली नाही. ॲडलेडला हॉस्पिटलात चाललेय. अकरा जूनला माझं डावं स्तन काढणार आहेत. गाठ उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत हाताला लागली. बाबांना सांगितलं, दुसऱ्या कोणाला नाही. डॉक्टरबाई बऱ्या आहेत, आशा आहे म्हणतात, आणि 'सोबत कोण येणार?' असं दर वेळी विचारतात. मी दर वेळी म्हणते, बहीण आहे. त्यांनी कागदावर तुझं नाव लिहून घेतलंय. तुला न विचारता तुझं नाव दिलं, तर लगेच भांडायला उठू नकोस.

मला भीती वाटते, कोरल. रात्री झोप येत नाही म्हणून मी बाबांना तव्याबद्दल बोलत सुटते, ओरडत सुटते, तेवढं बरं वाटतं. ते बिचारे ऐकून घेतात. परवा म्हणाले, "अजून एखादी किटली जाळू का?"

तर आता नीट वाच. काल पॅन गार झाल्यावर बाबांनी स्वतःच वायर काढली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "परत पाठव तिला." म्हणून ती ह्या पुडक्यात आहे. फडकं नाही, ते बाबा खिशातून काढायला तयार नाहीत. आजपासून ते टोस्टवर डब्यातले बीन्स घालून खाताहेत आणि मिसेस पेडलरांना सांगताहेत की मोठी लेक येईपर्यंत आपल्याकडे असंच.

वायर पोस्टानं पाठवलीस तर मी ती परत पाठवीन. पुन्हा पाठवलीस तर पुन्हा. जशी पर्समध्ये कोंबून नेलीस, तशीच कोंबून घेऊन ये. रस्सा मलाही बघवत नव्हता, म्हणून तर हात लावला नव्हता. आणि बायकांसमोर जे बोलले ते बोलायला नको होतं. ओरखडे राहू देत.

तुला लिहिलेलंच कळतं, म्हणून लिहिते. ये.

तुझी,
नोएलीन