टोक सोडून

नारायण पेठ, पुणे
१३ ऑक्टोबर २००८

तीर्थरूप आबा,

साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तिकडची, लोणीची खुशाली आई फोनवर सांगते. तुमची तेवढी कळत नाही, कारण माझा फोन आला की तुम्ही नेमके गोठ्यात असता. म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखवायला लावू नका, चष्मा लावून स्वतः वाचा.

बातमी आधीच सांगते, तुम्हाला दम निघत नाही. काल मी राज्य तलवारबाजी स्पर्धा जिंकले. पहिली आले, आबा. महाराष्ट्राच्या संघात निवड झाली. घरमालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "छान. आता जिन्यात उड्या मारणं थांबेल का?" नाही थांबणार.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कसं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. न विचारता सांगते. कॉलेजात मी खो-खोला नाव द्यायला गेले, तर संघ भरलेला. शेजारच्या हॉलमधून टकटक आवाज येत होता म्हणून डोकावले. तिथल्या हेमा मॅडमना जोडी लावायला एक मुलगी कमी पडत होती. त्यांनी घामट वासाचा जाळीचा मुखवटा माझ्या डोक्यात घातला आणि हातात तलवार दिली. ती मी थेट कोयत्यासारखी धरली. मॅडम म्हणाल्या, "ऊस तोडायला आली आहेस का?" मी म्हटलं, "हो, घरचाच आहे."

झालं, तलवार काढूनच घेतली. मग कितीतरी दिवस नुसतं गुडघे वाकवून पुढे-मागे चालायचं. मांड्या अशा भरून यायच्या की जिना बसत बसत उतरायचे. पण तलवार परत हातात आली तेव्हा मनगटाला काही शिकवावं लागलं नाही. फडात माझ्यावर "मूठ आवळू नगं, बोटात धर" असं कोण ओरडायचं, ते तुम्हीच आठवा.

सोरतापवाडीच्या पाहुण्यांचा विषय काढणार नव्हते. पण तो टाळून किती लिहिणार? ते म्हणाले, लग्नानंतर खेळ बंद, आणि मी सगळ्यांदेखत नाही म्हटलं. तुमचा शब्द खाली पडला हे मला कळतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तलवार घिऊन कुनाच्या दारात उभी ऱ्हानार हायस?" त्यानंतर बोललाच नाहीत. मला ते फार लागलं. जेजुरीला दसऱ्याचा खंडा, देवाची ती मणभर वजनाची तलवार, उचलल्याची गोष्ट मला मांडीवर बसवून तुम्हीच सांगायचात ना?

खंडेनवमीला मी तलवारीची पिशवी मुद्दाम घरी आणली होती. तुम्ही कोयते पुजलेत, पंप पुजलात, ट्रॅक्टर पुजलात, आईची विळीसुद्धा सोडली नाहीत. कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहिलंही नाहीत. परत येताना मी बसमध्ये हडपसरपर्यंत रडले. ठरवून टाकलं, यंदा निवड झाली नाही तर खेळ सोडायचा आणि सोरतापवाडीला हो म्हणायचं.

माझी तलवार मी स्पर्धेसाठी जपते, सरावाला क्लबची जुनी घेते. त्यामुळे पिशवी उघडली ती थेट काल, तपासणीच्या टेबलावर. या तलवारीच्या टोकाला बारीक बटण असतं. समोरच्याला टेकून ते दाबलं गेलं की दिवा लागतो. माझं बटण एकदा दाबलं ते वर येईचना. तपासणारे श्यामसुंदर सर म्हणाले, ही बाद. त्यांनी टोक उघडलं, तर आत तेलात कालवलेलं हळदकुंकू आणि तांदळाची कणी. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "शस्त्रपूजा. तुमच्या यंत्राला कळत नाही, एवढंच."

मला वाटलं, आईचं काम. मग मुठीपुढची, हात झाकणारी वाटी पाहिली. आई कुंकू बोटाच्या टोकानं लावते. वाटीवर मात्र अंगठ्यानं फासलेला आडवा पट्टा होता, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर असतो तसाच. आबा, मी तिथेच सगळ्यांसमोर रडायला लागले. सर बिचारे समजूत घालत होते की बटण साफ होतंय, रडू नका.

दात घासायच्या ब्रशनं टोक साफ केलं. तुमचा पट्टा मात्र कुणाला पुसू दिला नाही.

अंतिम सामन्यात नाशिकची उंच मुलगी होती. चौदा-चौदा झाले, आता पुढचा टोला जिचा ती जिंकणार. ती धावून अंगावर आली. मी मागे सरले नाही, मूठ आवळली नाही, नुसत्या बोटांनी टोक तिच्या मनगटावर टेकवलं. दिवा माझ्या बाजूचा लागला. मी "येळकोट येळकोट" म्हणून अशी आरोळी ठोकली की पंच दचकले, आणि मागून प्रेक्षकांतल्या बायकांनी "जय मल्हार" म्हणून साथ दिली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तलवार घेऊन मी आपल्याच दारात उभी राहणार आहे, येत्या शनिवारी. तेव्हा गोठ्यात जाऊ नका. आणि पुढच्या खंडेनवमीला पिशवी मी स्वतःच उघडून मधोमध ठेवीन. चोरून लावायची गरज नाही. हळदकुंकू हवं तेवढं लावा, फक्त टोक सोडून.

तुमच्या अंगठ्याच्या जोरावर जिंकलेली,
विजू