उलथनं

॥ श्री ॥

उदगीर,
३ ऑगस्ट १९९५

ती. दादास,
त्रिवेणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मोटरसायकलचा मागचा टायर घरीच बदलायचा म्हणतोस, हे वाचून मी हसले. जेवल्यावर स्वतःचं ताट न उचलणारा माणूस आता चाक खोलणार. पण मलकपेठच्या पंक्चरवाल्याने मागच्या वेळी घण घालून टायरची कड फाडली, म्हणजे तुझा राग खरा आहे. दिवसभर टाय बांधून पाण्याचे फिल्टर विकत फिरायचं, तर गाडी धड हवीच.

हे डेपोतून आल्यावर मी त्यांना विचारलं. एस.टी.च्या टायरांत पंधरा वर्षं गेली, त्यामुळे सांगताना नुसता उत्साह. नवा टायर आधी तासभर उन्हात ठेवायचा, म्हणजे मऊ पडतो. दोन्ही कडांना साबणाचं पाणी भरपूर लावायचं. कड उचकटायच्या पट्ट्या गोल टोकाच्याच घ्यायच्या, स्क्रू पिळायचा पेचकस अजिबात लावायचा नाही. एका बाजूची कड वर काढताना समोरची बाजू गुडघ्याने रिमच्या मधल्या खाचेत दाबून धरायची, की कड सैल मिळते. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरायची, म्हणजे ती कडेखाली चिमटत नाही. सुरुवात वॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट वॉल्व्हपाशी. शेवटची वीतभर कड टाचेने बसवायची, पट्टीने नाही. आणि जोर लावावा लागला तर आपलं काहीतरी चुकलंय असं समजून थांबायचं. हे शेवटचं त्यांनी मला दोनदा लिहायला सांगितलं. मी एकदाच लिहिते, तू शहाणा आहेस.

आईचे गुडघे कसे आहेत? राणीवहिनीला नमस्कार. दिवाळीला आम्ही दोघं येतोच आहोत. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी,
त्रिवेणी


मलकपेठ, हैदराबाद,
२१ ऑगस्ट १९९५

चि. सौ. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद.

हेमंतरावांची पोथी मिळाली. टायर बदलला. पण पोथीप्रमाणे नाही. गोल पट्ट्या आणायला बेगम बाजारात कोण जाणार? रविवार एकच मिळतो. घरात पेचकस होता, आणि आईचं लोखंडी उलथनं होतं. साबणाचं पाणी करायला राणी घरी नव्हती, म्हणून सुकंच केलं. शेजारचा सलीम गंमत पाहायला उभा होता. तो म्हणत होता, इत्ता जोर नक्को लगाओ साब. मी म्हटलं, जोर लावल्याशिवाय काय होतं? शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना, तेव्हा उलथन्यावर पाय देऊन उभा राहिलो. बसली.

हवा भरली तर फुस्स. पुन्हा सगळं खोललं. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या होत्या. मग मीच दोन पॅच लावले आणि परत चढवलं. तीन दिवस दिलसुखनगर, बरकतपुरा, सगळं फिरलो, हवा जशीच्या तशी. नवी ट्यूब कशाला? आई मात्र उलथनं वाकलं म्हणून दिवसभर बोलत होती. धिरडं उलटताना आता ते तव्याला लागत नाही म्हणते.

हे पॅचचं हेमंतरावांना सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे. डेपोत सगळ्यांना सांगून हसतील. दिवाळीला आलात की त्यांनाच गाडी चालवायला देतो, मग बघू काय चूक काढतात. वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि थोरल्या भावाची आठवण ठेव.

तुझा,
दादा


मलकपेठ,
६ नोव्हेंबर १९९५

सौ. त्रिवेणीस,
आशीर्वाद.

परवा आईचं ऑपरेशन झालं. खुब्यात सळई घातली आहे. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात पुन्हा चालणं कठीण. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या नवऱ्याला मी विश्वासाने गाडी दिली. आईला दिलसुखनगरच्या देवळात नेऊन आणायचं, एवढंच काम. त्याने रेसकोर्सजवळ तिला रस्त्यावर टाकलं. बसगाड्यांच्या टायरांत वाढलेला माणूस मोटरसायकलही बससारखीच हाकणार. मी सगळ्यांना हेच सांगितलं आहे. अप्पारावमामांनाही कळवलं.

इथून पुढे त्याने माझा उंबरा ओलांडायचा नाही. तुला कुणी अडवलेलं नाही. आईला भेटायचं तर एकटी ये.

शिवराज


उदगीर,
१९ नोव्हेंबर १९९५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांनी उघडलं, कारण पोस्टमनने डेपोतच दिलं. वाचून माझ्या हातात ठेवलं.

दादा, मी यांच्या गाडीमागून रिक्षात होते, वहिनीही होती. आई घाबरते म्हणून गाडी सायकलच्या बेताने चालली होती. मागचं चाक एकाएकी बसलं, गाडी डुलली आणि आई पडली. हे तिच्याखाली हात घालायला धावले, त्यात यांचं कोपर सोलून निघालं. तरी हे स्वतःलाच दोष देतात. म्हणतात, जन्म टायरांत गेला आणि सासूबाईंना बसवण्याआधी मी चाक अंगठ्याने दाबून पाहिलं नाही. जेवताना मध्येच हात थांबतो. डेपोत लोक विचारतात, सासूला पाडलंस म्हणे, कारण मामांचे व्याही तिथेच आहेत.

तुझं श्रावणातलं पत्र माझ्या ट्रंकेत आहे. शपथ होती म्हणून मी ते कुणाला दाखवलं नाही. तुला भावाच्या नात्याने एवढंच मागते, की यांना दोन ओळी लिही. जगाला सांगू नकोस, फक्त यांना सांग. मी आईकडे येईन, पण यांच्याबरोबर येईन. चूक नसलेल्या माणसाला दारात उभं करून मी आत जाणार नाही.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
त्रिवेणी


मलकपेठ,
१२ जानेवारी १९९६

चि. सौ. त्रिवेणीस,
आशीर्वाद.

सोबत तिळगूळ ठेवला आहे, राणीने केला. दोघांनी घ्यावा.

जुन्या पत्रांचा विषय पुन्हा काढू नकोस. पॅच पक्के होते. रस्त्यात खिळा असेल, काहीही असेल. ती ट्यूब मी दुसऱ्याच दिवशी फेकून दिली, तेव्हा आता कोण काय सिद्ध करणार? शिवाय सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं आहे. आता मी काय तोंडाने उलटं लिहू? हेमंतराव घरचेच आहेत, चार दिवसांनी लोक विसरतात. माझं तसं नाही, मला इथे मान ठेवून राहायचं आहे.

आई तुझं नाव काढते. हट्ट सोड आणि एकटी ये. तुझ्या हट्टापायी तिला परेशान करू नकोस.

तुझा,
दादा


उदगीर,
२४ एप्रिल १९९६

शिवराजदादास,
नमस्कार.

आईच्या तेराव्याला यांनीच आत पाठवलं म्हणून मी एकटी आले, ते तू पाहिलंस. हे कुठे होते ते तू पाहिलं नाहीस, कारण गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इराणी हॉटेलात तू डोकावला नाहीस. ज्या दिवशी तिला नेलं त्या दिवशी तर आम्ही दोघंही तिथेच उभे होतो. तिरडी समोरून गेली तेव्हा यांनी चपला काढल्या. खांदा द्यायला तू बोलावशील असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. मलाही वाटत होतं.

निघताना वहिनीने आईचं गाठोडं दिलं. म्हणाली, हे सासूबाईंनी फेब्रुवारीतच माझ्याकडून बांधून घेतलं होतं, त्रिवेणीलाच द्यायचं म्हणून बजावलं होतं. इथे येऊन सोडलं, तर दोन लुगडी, आणि आतल्या लुगड्याच्या घडीत ते वाकलेलं उलथनं.

यांनी ते सहज उचललं आणि उजेडात नेऊन फिरवून पाहिलं. पात्याच्या टोकाला रबराचा काळा थर अजून चिकटलेला होता आणि कडेला रिमचे चरे होते. यांनी मला विचारलं, याने टायर कुणी चढवला? आठ महिने शपथ पाळली होती, ती तिथे मोडली. तुझं पत्र काढून दिलं. यांनी सावकाश वाचलं, मग एवढंच विचारलं की सासूबाईंना माहीत होतं का. मी काय सांगणार? उलथनं तिचंच होतं. वाकल्याबद्दल दिवसभर बोलत होती असं तूच लिहिलं आहेस.

म्हणजे पाच महिने ती तुझ्या घरात पडून होती, यांना दिलेली प्रत्येक शिवी ऐकत होती, आणि गप्प होती. तुझ्या हातून पाणी प्यायचं होतं तिला. मी तिला दोष देत नाही. मी तरी काय केलं? तू आपणहून सांगशील म्हणून तुझी अब्रू सांभाळत बसले, आणि त्यात आईचं शेवटचं दर्शन गेलं. तुझा मला राग येतो, दादा, पण माझा मला जास्त येतो.

हे म्हणाले, डेपोत नेऊन उलथनं सरळ करून आणतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. मी त्यानेच धिरडी करते. तव्याला लागत नाही, आई म्हणाली तसंच.

तुझं श्रावणातलं पत्र सोबत परत पाठवत आहे. त्याची नक्कल मी ठेवलेली नाही, यांनीच ठेवू दिली नाही. म्हणाले, त्याचं त्याच्यापाशी राहू दे. ट्यूब फेकलीस तसं हेही फेकता येईल. मग तुला विचारणारं कुणी उरणार नाही.

लोभ असावा, हे लिहायची हाताला सवय आहे. म्हणून हात इथेच थांबवते.

त्रिवेणी