उंदराच्या तोंडापेक्षा रुंद

१८ ऑक्टोबर

पुन्हा मीच अध्यक्ष! साखरेचं बीट पिकवणाऱ्यांच्या मंडळाची सभा झाली. गावात बीट उपटायचं यंत्र एक, साफ करून ट्रकात भरायचं यंत्र एक, तेव्हा पाळ्या लावायला कुणीतरी डोकं असलेला माणूस लागतोच. माझ्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. मार्लीस म्हणते, "ते काम कुणाला नको असतं म्हणून." बायकोला राजकारण कळत नाही.

सगळ्यांना नियम पुन्हा ठणकावून सांगितले. उपटलेल्या बीटाची रास रस्त्याकडेला हवी, सरळ हवी, झाडाखाली नको, आणि उंदराच्या तोंडापेक्षा रुंद तर मुळीच नको. उंदीर म्हणजे ते भरायचं यंत्र – राशीच्या टोकाला तोंड लावून कुरतडत पुढं जातं, बीट घुसळून माती झाडतं आणि लांब हातानं ट्रकात फेकतं. त्याच्या तोंडात मावेल तेवढंच ते खाणार. इतकी साधी गोष्ट दरवर्षी सांगावी लागते!

शेजारी फोल्कमार मागच्या बाकावर जांभया देत होता. गेल्या वर्षी ह्या माणसाची रास नागमोडी होती. "हार्टविग," म्हणाला, "बीटांची काय परेड काढायचीय का रे?" सगळे खो खो हसले. हसा म्हणावं.

२१ ऑक्टोबर

गेझा घरी आली! शहरातली नोकरी सोडून. यंदा उंदीर ती चालवणार. आमची एकुलती एक. शेतीचं रीतसर शिकलेली, यंत्रावर हात बसलेला. पुढं काय करायचं ते नाताळपर्यंत ठरवणार म्हणे. हे आईला सांगितलं. मला नाही.

शेत तिनं घ्यावं. बस. एवढी एकच इच्छा उरली आहे, आणि ती पूर्ण झाली नाही तर मी कुणासाठी राबलो हे मला सांगता येणार नाही. अध्यक्षपद वगैरे सगळं वरवरचं. या पानापाशी कशाला खोटं बोलू?

मार्लीसनं जेवताना ढोसलं, "मग सांग ना तिला तसं. तोंड शिवलंय का?"

माझा बाप माझ्याशी कुठं बोलला होता? एका सकाळी तो ट्रॅक्टरवर चढला नाही, म्हणून मी चढलो. झालं. आमच्या घरात शेत दाखवतात. ज्याला डोळे आहेत त्याला कळतं. म्हणून यंदा रास अशी लावणार की पोरीचे डोळे दिपले पाहिजेत.

३० ऑक्टोबर

पाऊस. चिखल. फोल्कमारचा फोन, उगाच.

७ नोव्हेंबर

आमचं बीट निघालं! यंत्र पानं छाटत, उपटत आलं, टाकी भरली की कडेला ओतत गेलं. रास सरळ यावी म्हणून मी स्वतः जमिनीलगत दोरी बांधून उभा. चर्चच्या रस्त्यावरून थेट नजरेत येतो तो पट्टा – रास तिथंच.

पीक मात्र अंदाजापेक्षा जास्त आलं. पट्टा संपला, बीट संपेना. ड्रायव्हर ओरडला, "उरलेलं पुढं झुडपांमागं ओतू का?" झुडपांमागं! तिथं कोण बघणार, ससे? म्हटलं, इथंच ओत, जरा पसरू दे बाजूंना. रास भरदार झाली. मी तीनदा रस्त्यावर जाऊन लांबून बघून आलो.

११ नोव्हेंबर

संत मार्टिनचा सण. मार्लीसनं हंस भाजला होता, सोबत लाल कोबी. गेझा जेवायला फोल्कमारकडे! बिचारा एकटा असतो – बायको गेली, मूलबाळ नाही, आणि हातचं जेवण असं की कुत्रंही विचार करेल. पोरगी दयाळू आहे. आईवर गेली.

१४ नोव्हेंबर

रास पांढऱ्या कापडानं झाकली. बीट एकदा गोठलं की पुढं सडतं, मग साखर कारखाना ते दारातूनच परत पाठवतो.

पाद्रीणबाईंनी सायकल थांबवली. कितीतरी वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "बापरे, काय रुंद आहे हो!" देवाच्या माणसांना सौंदर्याची जाण असते.

२० नोव्हेंबर

गेझा आज फावडं घेऊन फोल्कमारच्या शेतात. ठिकठिकाणी खणून माती हातात घेऊन चुरून बघत होती. मी खिडकीतून पाहिलं. हुशार! आपली जमीन किती वरच्या दर्जाची ते कळायला दुसऱ्याची बघावीच लागते.

२६ नोव्हेंबर

उद्या पहिली पाळी माझी. अध्यक्षानं स्वतःला पहिला नंबर दिला असं काहीजण कुजबुजतात. कुणीतरी पहिलं असायलाच हवं ना! कापड आजच काढून गुंडाळून ठेवलं. सकाळी गेझानं उंदीर वळवला की समोर लखलखीत रास दिसली पाहिजे. नवी टोपीही काढून ठेवली आहे.

२७ नोव्हेंबर

माझी अब्रू गेली.

सकाळी ट्रक रांगेत उभे, अर्धं गाव हजर. गेझानं उंदीर राशीच्या तोंडाशी आणला. थांबवला. खाली उतरली. राशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत गेली, परत आली.

"पप्पा, ही तोंडात मावत नाही."

मी म्हटलं, जरा सांभाळून घे. म्हणाली, "दोन्हीकडचं बीट चाकांखाली जाईल. त्याचा लगदा होईल." मग सगळ्यांदेखत, अगदी शांतपणे – "नियम तुमचाच आहे ना?"

आणि वर चढली. पुढची रास! पुढची म्हणजे फोल्कमारची. याही वर्षी नागमोडी, पण अरुंद! उंदीर वळणं घेत घेत गेला, मागं एक बीट ठेवलं नाही. ट्रक भरभरून निघाले. मी नवी टोपी घालून उघड्या राशीपाशी उभा. माझी पाळी आता सगळ्यांच्या शेवटी.

दुपारी रेडिओवर कडक थंडीचा इशारा. आणि कापड मीच काढून ठेवलेलं! मार्लीस आणि मी एक टोक ओढतोय तर वारा दुसरं उडवतोय. कापड भिजून शिशासारखं जड. संपलं सगळं, असं वाटलं. खरंच भीती वाटली. गेझासमोर सडलेली रास – मग तिला काय दाखवू?

तेवढ्यात फोल्कमार आला, चौघांना घेऊन. "धर रे अध्यक्षा, तुझ्या हत्तीला गोधडी घालूया." अंधार पडायच्या आत झाकून झालं. वर गव्हाची दारूही त्यानंच आणलेली. "बाबा रे," म्हणाला, "उंदराचं तोंड मोठं करायचा ठराव मांड पुढच्या सभेत." सगळे हसले. त्यांच्या हातांना चिखल लागलेला होता, माझ्यासाठी. म्हणून मीही हसलो. 

२८ नोव्हेंबर

कडाक्याची थंडी. बीट वाचलं. फोल्कमारला आभाराचे दोन शब्द बोलायला फोन उचलला, हवामानावर बोलून ठेवला.

३ डिसेंबर

दोन दिवस राशीच्या बाजू ट्रॅक्टरनं ओरबाडून काढल्या आणि झुडपांमागं नेऊन टाकल्या. होय, झुडपांमागंच. मार्लीस खिडकीतून खेपा मोजत होती. ते फार झोंबलं.

८ डिसेंबर

आज पाळी आली, आणि काय सांगू! गेझानं उंदीर असा चालवला की बघत राहावं. माती झडून खाली, पांढरंस्वच्छ बीट ट्रकात. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. मी रस्त्यावर उभा राहून रडलो. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं असं मार्लीसला सांगितलं. ती म्हणाली, "वारा पडलाय केव्हाचा." मग माझा दंड धरून म्हणाली, "आजच बोल, हार्टविग."

ट्रक गेल्यावर गेझा हात पुसत माझ्याजवळ आली. जरा घुटमळली. "पप्पा, काही म्हणायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, उंदराला वंगण घालायला विसरू नकोस.

११ डिसेंबर

कारखान्याचा निरोप – सगळ्या मंडळात आमच्या बीटाला माती सर्वांत कमी! फोल्कमारपेक्षाही कमी! आता आणखी काय दाखवायचं राहिलं? पोरगी आंधळी नाही.

१९ डिसेंबर

हंगाम संपल्याचं जेवण. केलची पालेभाजी, सॉसेज, बटाटे. गेझा माझ्या आणि फोल्कमारच्या मध्ये बसली. फोल्कमारनं चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी भाषण केलं – राशीच्या रुंदीबद्दल. लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात.

गेझा आज खूश दिसली. मनात ठरलंय तिचं. मला दिसतं ते.

२३ डिसेंबर

गेझा फोल्कमारचं शेत घेतेय. वसंतापासून.

त्यानं सप्टेंबरातच फोन करून तिला सरळ विचारलं होतं, पोरी, सांभाळशील का माझ्यामागं? तिनं नाताळपर्यंतची मुदत मागितली. "तुमच्यासाठी, पप्पा. म्हटलं, तुम्ही काही बोलाल."

मी म्हटलं, रास नाही का बघितलीस?

"बघितली की. भरलीसुद्धा मीच."