कोंबडीनं माझ्याकडे पाहावं म्हणून

तीर्थरूप मामांस,

चियायीहून धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, मामींचा गुडघा आणि खाडीतली कालवं, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. (गुडघ्याचं अगदी मनापासून विचारतोय. कालवांचं का विचारतोय ते शेवटी कळेल.) इकडे आई मजेत आहे. आमचं न्याहारीचं दुकान पहाटेपासून धूर काढतंय, आणि अंड्याच्या पोळीवर सॉस ओतता ओतता आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "आमचा पो-येन फायनान्समध्ये आहे." गिऱ्हाईक बिचारं नुसती पोळी घ्यायला आलेलं असतं. मागे एकदा तर ती गल्लीतल्या तिघी बायकांना घेऊन आमच्या पतपेढीत आली. काम काहीच नव्हतं, टाय लावलेला मी काचेपलीकडून कसा दिसतो तेवढं दाखवायचं होतं. मी हात केला. दुसरं काय करणार? हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन कायम कालवांच्या तराफ्यावर विसरलेला, आणि आमच्या घरात बोललेलं आईच्या कानावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, म्हणून पत्र लिहितोय.

तर मामा, फायनान्स म्हणजे काय ते एकदा सांगूनच टाकतो. आधीच मंजूर झालेली, वाटलेली, बऱ्याचदा फिटलेलीसुद्धा कर्जं मी तपासतो आणि दर महिन्याला अहवाल लिहितो. तो मुख्य कचेरीत जातो. तिथे माझ्यासारखाच कुणीतरी बसून त्याचा सारांश काढतो, आणि तो सारांश 'शाखांच्या माहितीसाठी' म्हणून माझ्याकडेच परत येतो. तो वाचून मी पुढचा अहवाल लिहायचा. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून मी हेच करतोय. एकदा डोकं इतकं भणभणलं की मी मध्येच लिहून टाकलं, शाखेत एक हत्ती पाळला आहे. वाटलं, आता बोलावतील, झाडतील, निदान कुणीतरी माझ्याकडे मान वर करून बघेल. यथावकाश सारांश आला. त्यात लिहिलं होतं: हत्ती, मागील महिन्याच्या तुलनेत बदल नाही. मी जिन्यात जाऊन बसलो. हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

माझ्या शेजारच्या टेबलाला वेंगसाहेब असतात. फार भला माणूस. खुर्चीत स्वतःची उशी, टेबलाखाली स्वतःच्या सपाता, खिडकीत स्वतःचं कोरफडीचं रोप. माझ्या जन्माआधीपासून ते त्याच खुर्चीत आहेत. मी चुळबुळ करायला लागलो (आणि मी दिवसभर चुळबुळच करतो, पाणी प्यायला ऊठ, पेन्सिलीला टोक कर, प्रिंटरमध्ये कागद आहेत का ते उगाच बघून ये) की ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "पहिली पाच वर्षं जड जातात रे पोरा. मग काही वाटेनासं होतं." ते हे मला धीर द्यायला म्हणतात. मला घाम फुटतो. मला वाटेनासं व्हायचं नाहीये, मामा. पण राजीनामा द्यायचा तर आईला काय सांगू? बाबा गेल्यावर तिनं त्या तव्यावर मला शिकवलं. मी 'जमत नाही' म्हटलं तर ती ओरडणार नाही, आदळआपट करणार नाही. गिऱ्हाइकाला सॉस हवा का, एवढंच विचारेल. ते मला बघवणार नाही.

म्हणून मला कोंबडी सुचली. जुनी रीत तुम्हाला माहीतच आहे. वर्षअखेरच्या मेजवानीत मालकानं अख्ख्या कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे केलं, त्यानं काय ते समजायचं आणि नव्या वर्षी कामावर यायचं नाही. आजकाल नसती भानगड नको म्हणून हॉटेलवाले मुंडकं कापूनच कोंबडी आणतात. आता आमच्या शाखाधिकारी श्याव बाई इतक्या देवभोळ्या की 'चार'चा उच्चार 'मरणा'सारखा म्हणून लिफ्टनं कधी चौथ्या मजल्यावर उतरत नाहीत, पाचव्यावर उतरून जिन्यानं खाली येतात. आई तर त्यांच्याही वर. कोंबडीनं एकदा माझ्याकडे बघितलं की श्याव बाई मला सोडायला नाही म्हणणार नाहीत, आणि आईलाही तो माझा नादानपणा न वाटता देवाची इच्छा वाटेल, असा माझा हिशोब होता. (मला फायनान्समध्ये घेतलं ते उगाच नाही.) मेजवानीच्या दिवशी दुपारीच मी हॉटेलच्या आचाऱ्याला गाठलं आणि म्हटलं, आमच्या टेबलावरची कोंबडी मुंडक्यासकट येऊ दे.

सुरा पुसत तो म्हणाला, "मुंडक्यासकट? कुणाच्या पोटावर पाय आणतोयस बाबा?"

"माझ्याच."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बँकेत आहेस का?"

"पतपेढीत."

"मग करतो," म्हणाला.

आमची शाखा म्हणजे एका गोल टेबलाभोवती मावतील एवढीच माणसं. टेबलाच्या मधे फिरणारी काच. सूप झालं, मासा झाला, श्याव बाईंचं भाषण झालं, आणि कोंबडी आली. मान ताठ, चोच पुढे, डोळे अर्धे मिटलेले. घोळ एवढाच झाला की मी आचाऱ्याला सांगितलं होतं, पण वाढप्याला सांगायचं विसरलो होतो. त्यानं आपलं ताट ठेवून दिलं, ते नेमकं वेंगसाहेबांकडे तोंड करून. वेंगसाहेबांचा पेला तोंडाजवळ गेला होता तो तिथेच राहिला. मी झटक्यात काच फिरवली. ती जास्तच फिरली आणि कोंबडी जाऊन थांबली श्याव बाईंसमोर. (आमच्या हिशोबनीस बाईंना तेवढ्यात ठसका लागला.) मी पुन्हा ढकलली, आणि एकदाचं ते तोंड माझ्याकडे आलं. मी दोन्ही हातांनी काच घट्ट धरून ठेवली आणि म्हटलं, "माझ्याकडे आहे. सगळ्यांनी बघितलंय."

मामा, श्याव बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, निवृत्तीला टेकलेल्या माणसावरची आफत आपल्या अंगावर घेणारा मुलगा या जमान्यात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. टाळ्या पडल्या. हिशोबनीस बाई रडल्या. मी सांगायचा प्रयत्न केला की तसं काही नाही, तर सगळे म्हणाले, बघा, विनय पण आहे. तिथल्या तिथे मला सहायक विभागप्रमुख केलं, आणि वेंगसाहेब निवृत्त झाले की त्यांची खुर्ची माझी, असं जाहीर झालं. (उशीसकट, असं कुणीतरी म्हणालं. विनोद होता म्हणे.) मी घरी पोचायच्या आत बातमी आईला कळलेली होती आणि ती गल्लीत सोयाबीनचं दूध फुकट वाटत होती.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत वेंगसाहेबांनी आपल्या डब्यातली मुळ्याच्या लोणच्याची फोड माझ्या भातावर ठेवली. मी म्हटलं, साहेब, आभार वगैरे नकोत. ते म्हणाले, आभार नाही मानत. मग डब्याकडे बघतच बोलले, "काल ते तोंड माझ्याकडे आलं ना, तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता घरी काही सांगायला नको, कोंबडीच सांगेल. आणि तेवढ्यात तू काच फिरवलीस." रागावून नाही म्हणाले. वर आणखी एक फोड दिली. वाटेनासं होतं म्हणायचे ते खोटं होतं, मामा. या माणसाला इतकी वर्षं वाटतच होतं.

त्याच दुपारी मी राजीनामा लिहून श्याव बाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "हाही वेंगसाहेबांसाठीच का रे?" मी म्हटलं, नाही बाई, हा माझा आहे. नववर्षाच्या सुट्टीपर्यंत कामावर यायचं ठरलंय. अंगावरचं ओझं उतरलं म्हणावं, तर तसंही नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्यासमोर बसून जेवतो आणि नजर भातावर ठेवतो.

मामींना नमस्कार, लहानग्यांना गोड पापा.

तुमचा,
पो-येन

ता. क. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी आई रिवाजाप्रमाणे माहेरी, म्हणजे तुमच्याकडे येईल. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचा शब्द ती मोडत नाही. राजीनाम्याचं तिला तुम्ही सांगाल का? जेवणं झाल्यावर सांगा, आधी नको. आणि उन्हाळ्यापर्यंत मला तराफ्यावर ठेवून घ्या. पुढे काय करायचं ते मला खरंच ठाऊक नाही, पण कालवं काढली की टोपलीत दिसतात तरी.

आणखी ता. क. हे पत्र आई तुम्हाला मुळ्याच्या वड्या पाठवतेय त्या डब्यात, वड्यांच्या खाली दडवून ठेवतोय. वाचून झाल्यावर फाडून टाका.

दादा, मी सू-जेन. मिरचीची चटणी घालायची राहिली होती म्हणून डबा पुन्हा उघडला. पोराचं पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी तू अवाक्षर काढू नकोस. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, आणि तो सांगेपर्यंत मला काही माहीत नाही. हा पोरगा रोज रात्री झोपेत दात खातो, भिंतीपलीकडे मला ऐकू येतं. मला वाटायचं, फायनान्समध्ये सगळेच खात असतील. आपली तव्याची कामं, आपल्याला काय कळतंय. माझ्या कौतुकापायी पोर एवढं घुसमटलं आणि भातात डोळे घालून बसलं, याचं फार वाईट वाटलं बघ. त्याला तराफ्यावर ने. भाचा म्हणून सोपं काम देऊ नकोस. गल्लीत मी आजच, त्याच्यासमोर बोलायचं नाही या अटीवर, सांगून टाकलंय की पो-येनला समुद्री व्यवसायात मोठ्या जागेवर बोलावणं आलंय. कुणी विचारलं तर हो म्हण.