शोकेसमधल्या नवरीचं हसू

मामंजी, मी तुमची धाकटी सून. आधीच सांगते, कारण तिकडे वर तुम्ही मला विसरला असाल. गिऱ्हाइकाला आत बसवून, स्टुडिओला बाहेरून कुलूप लावून घरी जेवायला आलेला माणूस तुम्ही, तुमच्या आठवणीचा काय भरवसा! बोलतेय मी आणि लिहितेय तुमची पणती. हिचं अक्षर कसं आहे ते मला कळायचं नाही, पण एकेका शब्दाला ती इतका वेळ लावते की तेवढ्यात माझी अंबाड्याची जुडी निवडून होते. तुम्ही मला पाटी आणून दिली होतीत. मी ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. तेव्हा चार अक्षरं शिकले असते तर आज या पोरीच्या मिनतवाऱ्या करायची वेळ आली नसती. असो. लोणचं मात्र चांगलं मुरलं होतं.

तर ही पोरगी लग्नाचे फोटो काढते. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली काढले, आता परवा कुकटपल्लीच्या एका हॉलमध्ये पहिलं लग्न एकटीच्या जिवावर करणार आहे. माझा लेक, म्हणजे हिचा बाप, म्हणाला आहे, "हे एक नीट करून दाखव, मग मी नोकरीचं नाव काढणार नाही." दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. कॅमेरा एक आणि भिंगं दोन. एक प्राइम, ते तुमच्यासारखं हट्टी. जवळ-लांब काही करत नाही, आपणच पाय चालवायचे, पण चेहरा असा उचलतं की मागचं सगळं विरघळून जातं आणि मिणमिणत्या उजेडातही त्याचं भागतं. दुसरं झूम, मुसळाएवढं जड. नुसतं फिरवलं की लांबचं माणूस मांडीवर येऊन बसतं. काल माझ्यावरच दोन्हींची परीक्षा झाली. प्राइम घेऊन ती माझ्या नाकाशी आली, तर मी राशनकार्डावरच्या फोटोसारखी ताठ. मग गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीआड लपून तिनं झूमनं टिपलं, तर मी शेजारणीची नक्कल करतेय, तोंड उघडं, दात नसलेले सगळे दिसतायत! फोटो झकास आला, शेजारीण मात्र दोन दिवस बोलणार नाही.

एवढं होऊनही पोरगी म्हणते, "आज्जी, मी फक्त प्राइम नेणार. झूम नक्को. पणजोबांचा तो फोटो बघ ना! पाय उचलून जवळ गेले म्हणून तसं हसू मिळालं." आणि भिंतीकडे बोट. भिंतीवर तुमच्या स्टुडिओच्या शोकेसमधला तो नवरीचा फोटो. ते ऐकलं, मामंजी, आणि म्हणूनच आज हे पत्र.

आठवा जरा. सुलतान बाजारातला तो अरुंद जिना, वर स्टुडिओ, तीन पायांच्या स्टँडवर तुमची पेटी, तिला लोंबणारा रबरी फुगा. तो दाबला की फोटो. स्टूल कुठे ठेवायचं त्याची जमिनीवर खडूची खूण. बायका परक्या पुरुषापुढे चेहरा मोकळा सोडायच्या नाहीत, म्हणून तुम्ही मला त्यांच्याशी बोलायला बसवलंत. पहिल्याच दिवशी ओरडलात, "सूनबाई, ओठांकडे काय बघता? ओठ काय, सांगितलं की हसतात. गळ्याकडे बघा. गळा सैल पडला की मला सांगा." सांगायचं तर गिऱ्हाइकाला कळू न देता. म्हणून आपली खूण ठरली. मी म्हणायचं, "मामंजी, चहा ठेवू का?" आणि तुम्ही फुगा दाबायचा. किती साधी गोष्ट! पण तुम्ही खूण विसरायचात. मी इकडे बाईला खुलवून खुलवून आणलेलं, गळा सैल, डोळ्यांत पाणी चमकतंय, मी म्हणते चहा ठेवू का, आणि तुम्ही फुगा हातात धरून म्हणता, "हौ, आलं घाल थोडं."

ती नवरी आली त्या दिवशी तुम्ही तिला खुणेवर बसवलंत, भिंग जुळवलंत, फिल्मची चौकट पेटीत सरकवलीत, तिच्यावरची झडपही काढलीत. आता फक्त फुगा दाबायचा राहिला. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली आणि तुम्ही "आलोच" म्हणून गेलात ते गेलातच. नवरी घाबरून स्टुलासकट मागे सरकलेली. मी तिला ओढून पुन्हा खुणेवर आणते, पदर नीट करते, माहेरची भाजी कुठली आवडते ते विचारते. हळूहळू गळा सैल पडतो आणि सवयीनं माझ्या तोंडून निघतं, "मामंजी, चहा ठेवू का?" नवरी पेटीमागच्या रिकाम्या जागेकडे बघते, माझ्याकडे बघते. "कुणाला हो?" म्हणते आणि अशी हसते, अशी हसते! मी फुगा दाबला. मग तुम्ही करायचात तशी झडप परत फिल्मवर सरकवली. तुम्ही आलात, चौकट झाकलेली बघितलीत, डोकं खाजवलंत. "काढला का हो मी?" मी म्हटलं, "हौ, काढलात की."

इथे पोरीनं पेन खाली ठेवलंय. डोळे एवढाले करून बघतेय. "आज्जी, तो फोटो तू काढलास?" हौ गं बाई, मीच काढला. हेही लिही. आणि पाय बिय कुणी उचलले नव्हते, उठून नवरी ओढून आणली होती. तेव्हा त्या फोटोच्या जिवावर झूम घरी ठेवू नकोस. उद्या मेंदीला नवरीच्या खोलीत जाशील तेव्हा प्राइम लाव, जवळ बस, आईची, भाजीची गोष्ट काढ. तिथे तिला तुझ्याकडे बघायला फुरसत आहे. पण परवा अंतरपाट धरला की तिला तू कुठली दिसतेस? भटजी, मामा, व्हिडिओवाले, सगळे मध्ये. पाट खाली येतो, दोघं एकमेकांकडे बघतात, अक्षता पडतात, संपलं. तू पाय उचलशील तोवर हार घालून मोकळे. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच झूम लाव, लांब उभी राहा आणि तिच्या गळ्याकडे बघ.

मुसळ बॅगेत गेलं बरं का, मामंजी. आता तुम्ही रागावला असाल तर रागवा. पण एक सांगते. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तुम्ही त्या हसण्याची फुशारकी मारायचात, "पाय उचलले म्हणून मिळालं!", तेव्हा मी पडद्याआड बसून ऐकायची आणि मला फार मजा वाटायची. माझंच कौतुक फुकटात ऐकायला मिळत होतं. म्हणून बोलले नाही, विसरले नव्हते.

पोरी, हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, घडी करून त्या नवरीच्या फोटोमागे खोच. आणि परवा फोटो झाले की आधी जेवून घे, फोटोवाल्यापर्यंत नेहमी रिकामी पातेलीच येतात. मग तो तळलेल्या पावाचा गोड डबल का मीठा पाठव, कडेचा, जरा करपलेला. दोन डबे पाठव, एक मामंजींच्या नावाचा. तोही मीच खाणार आहे, पण एवढं लिहू नकोस.