रंगाच्या डब्यामागचा डबा

कांपेन,
रविवार, ७ डिसेंबर, सकाळचे सव्वाआठ

तीर्थरूप डाउवेकाका,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि काकूंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, ते आधी कळवा. (निघाली नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवा, पण ताज्या कलमांच्या अलीकडे थांबा.) मी बरा आहे. पत्राला बसण्यापूर्वी मी एक पत्र्याचा डबा कपाटात अगदी मागे सरकवत होतो. डबा माझा नाही. तो माझ्याकडे कसा आला ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्या फोनवरच्या प्रश्नाचंही उत्तर होईल. (बाजार समितीने तुमचा गटाराबद्दलचा अर्ज "चॅटबॉटने लिहिलेला दिसतो" म्हणून परत पाठवला आणि ही तपासणारी यंत्रं खरंच ओळखतात का, असं तुम्ही विचारलं होतंत.)

तुम्हाला ठाऊक आहे की योरिंडे आणि मी दोन वर्षं घर शोधतो आहोत, आणि पालिकेच्या यादीत आमचा नंबर लागेपर्यंत आम्ही इतके म्हातारे होऊ की जिना नसलेलंच घर मागावं लागेल. तिच्या आईवडिलांच्या परसात दोन खोल्या आहेत, त्यातला भाडेकरू ऑक्टोबरात गेला. तिच्या आईची, म्हणजे आलिडाबाईंची, काही हरकत नव्हती. वडील वोल्टर यांचं म्हणणं असं की मुलगा चांगला आहे, पण हातात घेतलेलं पुरं करत नाही. (हे माझ्या तांत्रिक शाळेबद्दल, जी मी तिसऱ्या वर्षी सोडली. सायकलच्या दुकानात मी चार वर्षं टिकून आहे, ते धरत नाहीत.) सिंटरक्लासच्या सणाची, भेटवस्तूंची संध्याकाळ होऊ दे, मग सांगतो, असं ते म्हणाले. वोल्टर तीस वर्षं हौशी फुटबॉलचे पंच होते, त्यामुळे शिट्टी घाईने वाजवत नाहीत.

आपल्याकडे भेटी आणणाऱ्या त्या संताच्या, सिंटच्या, नावाने दोन ओळी खरडून मोज्यांना टाचायच्या की झालं. या घरात तसं नाही. नोव्हेंबरात चिठ्ठ्या काढतात, ज्याच्या वाट्याला जो येईल त्याच्यासाठी भेट आणायची आणि त्याच्या खोडी काढणारी लांबलचक यमकातली कविता लिहायची. ज्याची कविता त्यानेच ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, आणि लिहिणाऱ्याने कधीही कबूल व्हायचं नाही, कारण लिहिणारे सिंट. माझ्या चिठ्ठीत वोल्टर निघाले. मला वाटलं, हीच संधी. एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरी करून दाखवावी.

त्याच सुमारास मी त्यांच्या सायकलचा ब्रेक बघायला शेडमध्ये गेलो तर वोल्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे ओठ काळे होते. रंगाच्या डब्यामागे आणखी एक डबा होता, त्यात ज्येष्ठमधाच्या काळ्या, खारट गोळ्या. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्या वसंतातच बंद केल्या होत्या आणि आलिडाबाईंनी घरातल्या सगळ्या स्वतः फेकून दिल्या होत्या. आम्ही दोघंही ब्रेकबद्दल बोललो. मी मात्र कवितेत हे घातलं. चार जण हसतील, वोल्टरही हसतील, असा माझा अंदाज होता. (खोडी फार मोठी नको, फार लहानही नको, याचा मी बराच विचार केला होता.)

आता तपासनीस. योरिंडेच्या बहिणीचा नवरा डिडेरिक उट्रेख्टला कुठल्याशा कंपनीत सल्लागार आहे. गेल्या वर्षी त्याने चॅटबॉटकडून कविता करून घेतली आणि आलिडाबाईंना "तेजस्वी प्रवासाच्या शिल्पकार" म्हटलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणून यंदा नियम झाला की प्रत्येक कविता वाचून झाल्यावर डिडेरिकच्या लॅपटॉपवरच्या तपासनिसाला दाखवायची. (मजकूर माणसाचा की यंत्राचा हे सांगणारं ते संकेतस्थळ, त्याला सगळे तपासनीसच म्हणतात.) जी यंत्राची ठरेल तिच्या लेखकाने मुकाट्याने उठून सगळी भांडी हाताने घासायची. कोणी काही विचारायचं नाही.

शुक्रवारी वोल्टर माझी कविता खणखणीत आवाजात वाचू लागले. तिसऱ्या कडव्यात आवाज बसत गेला:

रंगाच्या डब्यामागे आणखी एक डबा,
कोण बरं त्याच्यापाशी रोज राही उभा?

आलिडाबाईंनी कप खाली ठेवला आणि कोणता डबा, असं अगदी हळू विचारलं. कोणी हसलं नाही. एवढ्यात डिडेरिकने लॅपटॉप फिरवला: सत्त्याण्णव टक्के यंत्र.

काका, टीव्हीवरच्या सामन्यात पंच व्हिडिओ बघायला गेला की वोल्टर टीव्ही बंद करतात. माणसाचा डोळा तो माणसाचा डोळा, हे मी त्यांच्याकडून जेवताना किती वेळा ऐकलं असेल. तेच वोल्टर खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "बघा. यंत्राने लिहिलंय. यंत्र वाटेल ते रचतं. डबाबिबा काही नाही."

योरिंडेने माझी तीन आठवड्यांची खटपट पाहिली होती. ती लाल झाली, आत गेली आणि तिच्या आजीने चाळीसएक वर्षांपूर्वी लिहिलेली कविता घेऊन आली. ती तपासनिसाला दाखवली. चौऱ्याण्णव टक्के. (यात नवल नाही. आजीची कविता "सिंट बसले विचार करीत" अशी सुरू होते, माझीही, आणि या देशातल्या निम्म्या तशाच सुरू होतात.) डिडेरिक म्हणाला, आजी काळाच्या पुढे होत्या. वोल्टर म्हणाले, गेलेल्या माणसाला यात ओढू नका, निकाल लागला की लागला.

माझे सगळे कच्चे कागद, खाडाखोडीसकट, बाहेर टांगलेल्या कोटाच्या खिशात होते. ते आणले की मी सुटणार होतो. पण मग कविता माणसाची ठरली असती, आणि माणसाने लिहिलं म्हणजे पाहून लिहिलं. मी वोल्टरांकडे पाहिलं. ते ताटलीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मी उठलो आणि सिंककडे गेलो. आलिडाबाई एवढंच म्हणाल्या, "वीब्रेन, तू?" ते मला लागलं.

तिसरं पातेलं घासत असताना शेजारी कोणीतरी फडकं घेऊन उभं राहिलं. वोल्टर होते. त्यांना भांडी पुसताना मी याआधी पाहिलेलं नाही.

"तिसऱ्या कडव्यानंतर एक यमक लंगडतंय," ते म्हणाले.

"हो. दोन दिवस झगडलो त्याच्याशी."

"सोडून का नाही दिलंस?"

"पुरं करायचं होतं."

त्यांनी एक झाकण बराच वेळ पुसलं. मग साबणाशेजारी किल्ली ठेवली आणि म्हणाले, "परसातल्या घरात मागच्या खोलीत कपाट आहे. कोरडं आहे. डबा तिथे राहील."

घर मिळालं, काका. काल आम्ही गाद्या आणल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच सांगतो की डिडेरिकची कविता तपासनिसाने सहा टक्क्यांवर सोडली, आणि निघताना त्याने मला सांगितलं की ती सगळी चॅटबॉटची आहे. त्याला "माझ्या सासऱ्यांसारखी लिही" असं सांगितलं होतं म्हणे. तुम्ही अर्ज हाताने लिहून पुन्हा द्या आणि गटाराचा वास येत असेल तेव्हाच नेऊन द्या.

तुमचा,
वीब्रेन

ता. क. काल दुपारी आलिडाबाई झाडू घेऊन आल्या आणि डबा कुठल्या कपाटात आहे, असं विचारलं. मी गादी सरळ करू लागलो. त्या म्हणाल्या, "पोरा, शेडमधला रंग मीच आणलाय. त्याच्यामागे काय आहे ते मला यंत्राने सांगायला नको." मग म्हणाल्या, दिवसाला दोन. जास्त दिल्यास तर किल्ली परत. म्हणजे डबा मी आलिडाबाईंपासून लपवतो असं वोल्टर समजतात, आणि वोल्टरांना मी मोजून देतो असं आलिडाबाई समजतात.

ता. क. २. म्हणून विनंती. तुमच्या ठेल्यावर ज्येष्ठमध नसलेल्या, बडीशेपेच्या अर्काच्या नवसागर घातलेल्या काळ्या गोळ्या असतात. (डॉक्टरांना फोन करून विचारलं, वोल्टरांना या चालतात.) डब्यात गुपचूप मिसळायला दोन किलो सुट्या, बिनलेबलाच्या पाठवा. पैसे लगेच भरतो. काकूंना सांगू नका, त्या दर मंगळवारी आलिडाबाईंशी बोलतात. वोल्टर म्हणतात की नकली गोळी आपण डोळे मिटूनही ओळखू, म्हणून चांगल्यातल्या निवडा.

ता. क. ३. काल संध्याकाळी औषधांच्या दुकानातून मूठभर तसल्या आणून डब्यात मिसळून पाहिल्या. वोल्टरांनी पहिली घेतली ती जुन्यातली, दुसरी मी आणलेली. डोळे मिटून बराच वेळ चघळली आणि म्हणाले, "ही खरी. आधीची कसलीतरी बनावट होती."